आधी ऐका, मग मोजा

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, अहवालानुसार २०१३ साली देशात शेतीवर पोट असलेल्या ११,७७२ जणांनी आत्महत्या केली. पुढच्याच वर्षीच्या अहवालात शेतकरी आत्महत्यांचा आकडा ५,६५० झाला. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहणाऱ्याला वर्षभरात संकट निम्म्याने ओसरले असेच वाटेल. प्रत्यक्षात २०१४ साली शेतमजुरांसाठी वेगळा रकाना आला आणि त्यात ६,७१० आत्महत्यांची नोंद झाली. दोन्हींची बेरीज होते १२,३६०. संकट जिथल्या तिथे होते, बदलली होती ती रकान्यांची मांडणी. कारणांच्या तक्त्याचीही तीच गत. २०१४ मध्ये शेतकऱ्यांच्या २०.६ टक्के आत्महत्यांचे कारण कर्जबाजारीपणा आणि २०.१ टक्क्यांचे कौटुंबिक समस्या असे नोंदले गेले. २०१५ मध्ये कर्जबाजारीपणाचा वाटा एकदम ३८.७ टक्क्यांवर गेला. २०१५ हे दुष्काळाचे वर्ष होते हे मान्य. तरीही एवढी उडी पाहिल्यावर एक प्रश्न टाळता येत नाही : एखाद्या माणसाने जीव का दिला, हे त्या रकान्यात लिहितो कोण आणि कशाच्या आधारावर?

हा प्रश्न समाजशास्त्रातल्या एका जुन्या वादाच्या मुळाशी जातो. समाज मोजून कळतो की ऐकून? संख्यात्मक पद्धतीचे समर्थक म्हणतात, मोठा नमुना, नेमकी प्रश्नावली आणि गणित याशिवाय समाजाबद्दलचे कुठलेही विधान म्हणजे केवळ मत. गुणात्मक पद्धतीचे समर्थक म्हणतात, लोक आपल्या जगण्याला जो अर्थ देतात तो समजून घेतल्याशिवाय गोळा केलेले आकडे पोकळ असतात. विद्यापीठांत हा वाद पदव्युत्तर वर्गाच्या एका पेपरापुरता उरला आहे आणि ‘दोन्ही पद्धती एकमेकींना पूरक आहेत’ या परीक्षेत गुण मिळवून देणाऱ्या वाक्याने तो मिटवला जातो. महाराष्ट्रात मात्र या वादाचे परिणाम विधवेच्या हातात पडणाऱ्या, किंवा न पडणाऱ्या, सरकारी मदतीपर्यंत पोहोचतात. माझे म्हणणे असे की या दोन पद्धती नुसत्या पूरक नाहीत, त्यांना एक क्रमही आहे. काय मोजायचे हे ऐकल्याशिवाय ठरवता येत नाही आणि ऐकलेले किती खरे, किती व्यापक, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. हा क्रम मोडला की फॉर्म भरले जातात, बैठका होतात, अहवाल छापले जातात आणि माणसे का मेली हे शेवटपर्यंत कळत नाही.

आत्महत्येचा अभ्यास इथे उगाच निवडलेला नाही. समाजशास्त्र हे स्वतंत्र शास्त्र आहे हे सिद्ध करण्यासाठी एमिल द्युरखेम या फ्रेंच अभ्यासकाने १८९७ मध्ये हाच विषय घेतला होता. आत्महत्येइतकी खाजगी वाटणारी दुसरी कृती नाही. पण युरोपातल्या देशोदेशीचे आकडे मांडल्यावर दिसले की प्रत्येक समाजाचा आत्महत्येचा एक दर असतो आणि तो वर्षानुवर्षे फारसा हलत नाही. प्रोटेस्टंट प्रदेशांत तो कॅथलिक प्रदेशांपेक्षा जास्त होता, अविवाहितांत विवाहितांपेक्षा जास्त होता. आर्थिक मंदीत तो वाढे, आणि अचानक आलेल्या भरभराटीतही वाढे. यावरून द्युरखेमने निष्कर्ष काढला की माणूस समाजाशी किती बांधलेला आहे आणि समाजाचे नियम त्याच्या इच्छांना किती आवर घालतात, यावर हा दर अवलंबून असतो. त्याचा भाचा मार्सेल मोस याने त्यासाठी सुमारे २६,००० आत्महत्यांच्या नोंदी हाताने वर्गवारी करून लावल्या. एकेका घरात बसून ही गोष्ट कधीच दिसली नसती. संख्येचे खरे सामर्थ्य ते हेच : एकट्या-दुकट्याला न दिसणारा आकार ती दाखवते.

पण याच पुस्तकात द्युरखेमने एक सावधगिरी बाळगली होती, तिची आठवण फारशी कुणी काढत नाही. सरकारी नोंदींमधला आत्महत्येच्या कारणांचा तक्ता त्याने बाजूला ठेवला. त्याचे म्हणणे असे की कारणांची आकडेवारी म्हणून जे छापले जाते ते खरे तर कारणांविषयी अधिकाऱ्यांच्या मतांची आकडेवारी असते. मृत्यू मोजण्यासाठी त्याने सरकारी नोंदींवर विश्वास ठेवला, कारणे समजण्यासाठी नाही. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेतल्या जॅक डग्लस याने हा संशय एक पाऊल पुढे नेला. एखादा मृत्यू आत्महत्या आहे की अपघात, हे ठरवणारीही माणसेच असतात, आणि ती आपल्या समाजाच्या समजुतींनुसार ठरवतात. जिथे चर्च आत्महत्या करणाऱ्याला दफनविधी नाकारते, तिथले कुटुंब आणि डॉक्टर तो मृत्यू अपघात म्हणून नोंदवण्याची शक्यता जास्त. मग कॅथलिक प्रदेशातला कमी दर हा बांधिलकीचा पुरावा की लपवाछपवीचा? ब्रिटनमध्ये मॅक्सवेल अ‍ॅटकिन्सनने मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांचेच काम जवळून पाहिले. मृताने चिठ्ठी ठेवली होती का, तो एकटा होता का, अलीकडे काही गमावले होते का, अशा खुणांवरून ते अधिकारी निर्णय घेत. म्हणजे आत्महत्या कोण करतो याविषयीची रूढ समजूत आधी नोंदीत उतरायची आणि मग त्या नोंदींचा अभ्यास करून संशोधक तीच समजूत शोध म्हणून मांडायचे.

हा वाद युरोपातला म्हणून सोडून देता येत नाही, कारण तेच चक्र महाराष्ट्रात शासन निर्णयाच्या रूपाने फिरते आहे. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. त्यातले ३०,००० रुपये हाती येतात आणि ७०,००० रुपये ठेव म्हणून गुंतवले जातात. त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. पोलीस ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदनाचा अहवाल येतो. तलाठी सातबारा पाहतो, गावात चौकशी करतो. बँकेकडून किंवा सोसायटीकडून थकबाकीचा दाखला येतो. तहसीलदारांमार्फत हे कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जातात. समिती पाहते ते मुख्यतः तीन गोष्टींकडे : शेतजमीन होती का, कर्ज राष्ट्रीयीकृत किंवा सहकारी बँकेचे, पतसंस्थेचे अथवा परवानाधारक सावकाराचे होते का, आणि परतफेड न झाल्याने वसुलीचा तगादा होता का. तिन्ही उत्तरे होकारार्थी आली तर प्रकरण पात्र, नाहीतर अपात्र. दरवर्षी प्रकरणांचा मोठा हिस्सा या दुसऱ्या गठ्ठ्यात जातो.

आता या कागदांवरून शेतकरी आत्महत्यांच्या कारणांचा अभ्यास करायला बसलेल्या संशोधकाची कल्पना करा. पात्र प्रकरणांत त्याला शंभर टक्के कर्ज सापडेल, कारण कर्ज नसते तर ते प्रकरण पात्र ठरलेच नसते. अपात्र प्रकरणांत त्याला दारू, आजारपण, घरगुती भांडण सापडेल, कारण कर्जाचा दाखला नसलेल्या मृत्यूला दुसरे काहीतरी कारण लिहावेच लागते. कर्ज हेच सर्वस्व आहे असे म्हणणाऱ्याला पहिला गठ्ठा पुरावा देतो आणि शेतकरी व्यसनामुळे मरतो असे म्हणणाऱ्याला दुसरा. विधिमंडळात गेली वीस वर्षे दोन्ही बाजू आपापला गठ्ठा दाखवत आल्या आहेत. यात चूक गणिताची नाही, प्रश्नाची आहे. मुलीच्या लग्नासाठी नातलगाकडून घेतलेले पैसे, कृषी सेवा केंद्राची उधारी, विनापरवाना सावकाराचे चढते व्याज, बायकोच्या नावावरचे मायक्रो फायनान्सचे साप्ताहिक हप्ते यांचा दाखला कुठलीही सोसायटी देत नाही. कागदावर असा माणूस कर्जमुक्त ठरतो. दारू कर्जामुळे वाढली की कर्ज दारूमुळे, पीक गेल्यामुळे घरात भांडण झाले की भांडणामुळे शेतीकडे दुर्लक्ष झाले, हे एका रकान्यात एकच कारण लिहायचे बंधन असलेल्या नोंदीतून कधीही कळणार नाही.

रकान्याबाहेर राहिलेल्यांची यादी मोठी आहे. मक्त्याने किंवा बटाईने दुसऱ्याचे रान कसणाऱ्याचा करार बहुधा तोंडी असतो, म्हणून शेतकरी असल्याचा पुरावा त्याच्याकडे नसतो. पेरणी, निंदणी, कापूसवेचणी करणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसते, म्हणून तिने जीव दिला तर ती गृहिणी म्हणून नोंदली जाते. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर शेत चालवणाऱ्या बाईचे काय होते, हा प्रश्न तर सरकारी अर्जात कधी नव्हताच. तो पुढे आला बायकांशी बोलणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे. महिला किसान अधिकार मंच, अर्थात मकाम, या जाळ्याने विदर्भ-मराठवाड्याच्या ११ जिल्ह्यांत अशा ५०५ स्त्रियांची पाहणी केली. २०१२ ते २०१८ या काळात विधवा झालेल्यांपैकी ४० टक्के स्त्रियांच्या नावावर शेतजमिनीचा हक्क अजून लागलेला नव्हता. इथे कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. गावोगावी ऐकताना आधी लक्षात आले की मृत्यूनंतरचे खरे भांडण जमिनीवर नाव लावण्याचे आहे. मग तो प्रश्न अर्जात आला आणि त्याची मोजणी झाली. टक्केवारी हाती आली म्हणून ती मागणी सरकारपुढे ठामपणे मांडता आली. नुसत्या कहाण्या असत्या तर ‘एखाद-दुसरे प्रकरण असेल’ म्हणून वाटेला लावले गेले असते. नुसता ठरीव अर्ज असता तर हा प्रश्नच विचारला गेला नसता.

इतके वाचून कुणी म्हणेल की आकडेच फसवे, मग मोजणीचा हट्ट सोडा. हे मला अजिबात मान्य नाही. न मोजण्याचे परिणाम फसव्या मोजणीपेक्षा भयंकर असतात. छत्तीसगडमध्ये २०१० पर्यंत दरवर्षी हजाराहून अधिक शेतकरी आत्महत्या नोंदल्या जात होत्या. २०११ मध्ये त्या राज्याने शून्य हा आकडा कळवला. त्या शून्याने एकाही घरातले दुःख कमी झाले नाही, पण त्या राज्यात हा विषय बातम्यांतून, अंदाजपत्रकातून आणि सरकारच्या जबाबदारीतून एका फटक्यात पुसला गेला. उलट महाराष्ट्रात आकड्यांनीच सरकारला हलवले. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले अर्थतज्ज्ञ श्रीजित मिश्रा यांनी २००६ च्या अहवालात दाखवले की राज्यातल्या पुरुष शेतकऱ्यांमधला आत्महत्येचा दर १९९५ मध्ये एक लाखामागे १५ होता, तो २००४ मध्ये ५७ झाला. लोकसंख्या वाढली म्हणून आत्महत्या वाढल्या, हा बचाव या एका दराने संपवला. त्याच वर्षी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर झाले. ते पॅकेज कितपत लागू पडले हा वेगळा वाद आहे. पण संकट अस्तित्वात आहे, हे संख्येशिवाय कुणीही मान्य करायला लावू शकले नसते.

मिश्रा यांच्या अभ्यासाची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. पश्चिम विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त घरांबरोबरच त्यांनी तशाच परिस्थितीतल्या, पण आत्महत्या न झालेल्या घरांचीही पाहणी केली. ही साधी वाटणारी गोष्ट फार थोडे लोक करतात. विदर्भात कर्ज कुणाच्या डोक्यावर नाही? कर्ज असलेले लाखो शेतकरी जगतात. मग मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन ‘कर्ज होते’ एवढेच शोधून काढले तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. तुलना केल्यावर दिसले की आत्महत्या झालेल्या घरांत थकीत कर्जाची रक्कम सरासरीने जास्त होती आणि बैलजोडी असण्याचे प्रमाण कमी होते. शिवाय बहुतेक घरांत कारण एक नव्हते. कर्ज, नापिकी, घसरलेली पत, आजारपण, घरातले तणाव अशी तीन-चार कारणे एकाच माणसाभोवती जमली होती. कारणांची ही गुंतागुंत घरच्यांशी सविस्तर बोलल्याशिवाय दिसत नाही आणि त्यांतले कोणते जीवघेणे ठरते हे तुलनेशिवाय सांगता येत नाही. बी. बी. मोहंती यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात द्युरखेमची चौकट विदर्भाला लावून आणखी एक भेद दाखवला. अल्पभूधारक, खालच्या जातींतल्या शेतकऱ्याची आत्महत्या आणि वरच्या जातींतल्या मध्यम किंवा मोठ्या शेतकऱ्याची आत्महत्या यांच्या वाटा वेगळ्या आहेत. एकाला पीक आणि कर्ज बुडवते, दुसऱ्याला वाढलेल्या आकांक्षांचा भंग. सरकारी तक्त्यात मात्र दोघांची बेरीज एकच.

ऐकणे आणि मोजणे मोठ्या प्रमाणावर एकत्र आणता येते का, या शंकेलाही भारतातच उत्तर मिळाले आहे. देशात बहुसंख्य मृत्यू घरी होतात आणि डॉक्टरने कारण लिहून प्रमाणित केलेले मृत्यू थोडे. म्हणून भारताच्या महानिबंधकांनी टोरंटोतले संशोधक प्रभात झा यांच्यासोबत ‘दशलक्ष मृत्यू अभ्यास’ हाती घेतला. त्याच्या पहिल्या टप्प्यात २००१ ते २००३ या काळातल्या मृत्यूंसाठी सुमारे ११ लाख घरे पाहिली गेली. पाहणी करणारे डॉक्टर नव्हते. ते मृताच्या घरी जात, ठरलेले प्रश्न विचारत आणि नंतर घरच्यांच्या तोंडून मृत्यूची सगळी हकिकत त्यांच्याच भाषेत कागदावर उतरवून घेत. मग दोन डॉक्टर एकमेकांपासून स्वतंत्रपणे ती हकिकत वाचून कारण ठरवत. त्यांच्यात मतभेद झाला तर प्रकरण पुन्हा तपासले जाई. या अभ्यासावर आधारलेला आत्महत्यांविषयीचा लेख २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यानुसार २०१० मध्ये देशात सुमारे १,८७,००० आत्महत्या झाल्या असाव्यात, तर पोलिसांच्या नोंदींवर आधारलेला आकडा सुमारे १,३५,००० होता. स्त्रियांच्या आत्महत्यांची गळती पुरुषांपेक्षा अधिक होती. त्या काळी आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता आणि पोलीस दारात आले की घर तोंड मिटून घ्यायचे, हे लक्षात घेतले तर या फरकाचे नवल वाटत नाही. देशातला आत्महत्येचा अधिक भरवशाचा आकडा कुटुंबांच्या शब्दांतल्या हकिकतींतून तयार झाला. गुणात्मक साधन मऊ आणि संख्यात्मक साधन टणक, हा समज इथे मुळातच कोसळतो.

या मांडणीवरचा पहिला आक्षेप असा की घरचे लोक खरे सांगतीलच कशावरून? मदत मिळणार असेल तर ते कर्जाचे सांगतील, अब्रूची भीती असेल तर सासरच्या छळाचे लपवतील. आक्षेप रास्त आहे. पण तो अर्जालाही तितकाच लागू पडतो. पंचनाम्यातले कारण आकाशातून पडत नाही, तेही घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, पोलीस पाटलांनी सांगितलेलेच असते. फरक इतकाच की अर्जावर शिक्का बसला की ते मत वस्तुस्थिती म्हणून वावरू लागते आणि कुणी, कोणत्या परिस्थितीत सांगितले याचा माग उरत नाही. सविस्तर हकिकतीत हा माग राहतो. विधवेने एक सांगितले, दिराने दुसरे, सोसायटीच्या सचिवाने तिसरे, तर त्या विसंगतीतूनच काही कळते. चांगला क्षेत्र-अभ्यासक एकाच्या शब्दावर थांबत नाही. तो पुन्हा जातो, वेगळ्या माणसाला विचारतो, कागद आणि बोलणे ताडून पाहतो. ही शिस्त नसेल तर त्याला संशोधन म्हणू नये. गुणात्मक पद्धतीच्या नावाखाली चार मुलाखती घेऊन आधीच ठरवलेला निष्कर्ष सजवणारे प्रबंध आपल्या विद्यापीठांत कमी नाहीत. त्यांचा बचाव मला करायचा नाही.

दुसरा आक्षेप येतो तो विरुद्ध दिशेने, मानवशास्त्रज्ञांकडून. केरळच्या वायनाडमध्ये काम केलेल्या डॅनियल म्युन्स्टर यांनी दाखवून दिले आहे की ‘शेतकरी आत्महत्या’ हा प्रकारच मुळात राज्यसंस्थेच्या नोंदीतून आणि मदतीच्या योजनांतून घडतो. नानाविध मृत्यू एका शिक्क्याखाली आणून आपण त्यांचा अर्थ हरवतो. हे निरीक्षण अचूक आहे आणि पात्र-अपात्रतेच्या खेळाचे नेमके निदान करते. पण त्यावरून मोजणीच सोडून द्यायची असा निष्कर्ष काढला तर त्याचा फायदा फक्त शून्य कळवणाऱ्या राज्यांना होईल. वर्ग माणसाने बनवलेला आहे म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. तो कसा बनवला हे उघड सांगावे, बदलला तर का बदलला हे सांगावे, आणि जुन्या-नव्या मांडणीतला दुवा द्यावा. २०१४ च्या अहवालाचे वाचक गोंधळले ते मोजणीमुळे नाही, व्याख्या बदलूनही आधीच्या वर्षांशी तुलना करण्याची सोय न ठेवल्यामुळे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. जिल्हाधिकाऱ्यांना महिनाभरात निर्णय द्यायचा असतो, घरात चूल पेटवायची असते. तिथे सविस्तर हकिकती ऐकायला वेळ कुणाला आहे? याचे उत्तर मदत आणि कारणमीमांसा यांची फारकत करण्यात आहे. आज एकाच चौकशीतून दोन कामे काढली जातात आणि दोन्ही बिघडतात. मदत मिळण्यासाठी कुटुंबाला कर्जाचा दाखला शोधत फिरावे लागते आणि तो दाखला हेच मृत्यूचे कारण म्हणून नोंदले जाते. शेतीवर जगणाऱ्या घरातला कमावता माणूस आत्महत्येने गेला, एवढे पुरेसे मानून ठरावीक मदत द्यावी. मग कारणाची चौकशी वेगळी, स्वतंत्र संस्थेकडून, काही आठवड्यांनी, पोलीस किंवा महसूल खात्याचा माणूस समोर न बसवता करता येईल. कुटुंबाला त्या उत्तरातून काही मिळवायचे किंवा गमवायचे नसेल तेव्हाच ते मोकळेपणाने बोलेल. सगळ्या घरांत सविस्तर मुलाखत शक्य नसेल तर नमुना निवडावा आणि प्रत्येक घरासोबत शेजारचे, आत्महत्या न झालेले घरही घ्यावे. ११ लाख घरांत ज्या देशाला हे जमले, त्या देशातल्या एका राज्याला विदर्भ-मराठवाड्यात ते जमू नये, असे मानायला आधार नाही. खर्चाची सबब सांगणाऱ्यांनी चुकीच्या निदानावर काढलेल्या पॅकेजांचा खर्चही मोजावा.

आपल्याकडे हे आजवर का झाले नाही, याचे एक कारण आपल्या ज्ञानव्यवस्थेत आहे. स्वातंत्र्यानंतर कामाची वाटणी जवळजवळ अलिखितपणे झाली. १९५० मध्ये महालनोबिस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि संख्या अर्थशास्त्रज्ञांकडे गेली. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये त्याच पाहणीच्या आधारे देशातल्या दारिद्र्याचे मोजमाप मांडले. समाजशास्त्र मात्र गावात गेले. मुंबई विद्यापीठात घुर्ये यांच्या हाताखाली शिकलेले एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरा गावी जाऊन राहिले आणि तेथून प्रत्यक्ष क्षेत्रकार्याची परंपरा पक्की झाली. दोन्ही परंपरांनी मोठे काम केले. पण एकीच्या विद्यार्थ्याला दुसरीचे वाचन अनावश्यक वाटू लागले. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला नमुना कसा काढतात हे नीट शिकवले जात नाही, आणि अर्थशास्त्राचा विद्यार्थी लाखो नोंदींचे विश्लेषण करतो पण ती नोंद भरून घेणारा माणूस बाजेवर बसलेल्या बाईला नेमके काय विचारतो हे त्याने पाहिलेले नसते. शेतकरी आत्महत्येसारखा प्रश्न या दोन दालनांच्या मधल्या भिंतीवर आपटून पडतो.

हा प्रश्न जुना झाला, असेही म्हणायची सोय नाही. २०२२ मध्ये देशात शेतीक्षेत्रातल्या ११,२९० जणांच्या आत्महत्यांची नोंद झाली, त्यांतल्या ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातल्या होत्या. त्या वर्षी देशात शेतमजुरांचा आकडा शेतकऱ्यांपेक्षा मोठा होता, ६,०८३ विरुद्ध ५,२०७. तरीही आपली सारी चर्चा सातबारा, पीककर्ज आणि कर्जमाफीभोवती फिरते. शेतमजुराकडे सातबारा नसतो, म्हणून त्याला पीककर्ज नाही, म्हणून कर्जमाफीही नाही. तो का मरतो याबद्दल आपल्याकडे भरवशाचे ज्ञान जवळजवळ नाही, कारण त्याच्या घरी कुणी ऐकायलाच गेले नाही आणि त्यामुळे त्याला काय विचारायचे हेही कुणाला ठाऊक नाही.

म्हणून राज्य सरकारकडे मागणी स्पष्ट आहे. मदत पात्रतेच्या तीन निकषांतून मोकळी करा. कारणांचा शोध स्वतंत्र करा, त्यात एकाऐवजी अनेक कारणे नोंदवा, कुटुंबाची हकिकत त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. नावे आणि ओळख काढून टाकून त्या नोंदी विद्यापीठांना अभ्यासासाठी खुल्या करा. व्याख्या बदलाल तेव्हा ते जाहीर सांगा. विद्यापीठांनी समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एकाच गावात, एकाच प्रश्नावर, एकत्र पाठवावे. आणि वाचकांनीही एवढे करावे : पुढच्या वेळी अमुक टक्के शेतकऱ्यांनी कौटुंबिक कारणाने आत्महत्या केली असे छापून येईल, तेव्हा ते कारण कुणी, कुणाला विचारून लिहिले, हे विचारल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.